मेरीचे दोन आवाज: एका प्रोग्रेसिव्ह रॉक गाण्याचे हेवी मेटल रूपांतर

बदलापूरच्या शिरगाव-कुळगाव पट्ट्यात हळदीच्या रात्री बेंजो पार्टी वाजते तेव्हा चित्रपटातले गाणे एका विशिष्ट पद्धतीने बदलते. गायक नसतो, त्यामुळे शब्द जातात. चाल तेवढी राहते आणि ती कळा दाबून वाजवायच्या बेंजोवर किंवा कीबोर्डवर येते. मागून ढोल, ताशा आणि हलगी लय चढवत नेतात. मूळ गाणे विरहाचे असले तरी मांडवात लोक त्यावर नाचतात आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. शब्द गेल्यावर भावाला धरून ठेवणारे काही उरत नाही, हे त्याचे कारण.

याच्या नेमके उलटे उदाहरण आपल्या रंगभूमीवर आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७च्या नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद पंडित जितेंद्र अभिषेकींनी दोन निरनिराळ्या चालींत बांधले. तिथे शब्द तेच राहतात, चाल बदलते, आणि श्रोत्याला दोन घराण्यांचे दोन स्वभाव समोरासमोर ऐकू येतात. अभंगांच्या बाबतीत तर हे शतकानुशतके चालू आहे. वारीतली चाल वेगळी आणि मैफलीतली वेगळी.

मला ज्याचे विवेचन करायचे आहे तो तिसरा प्रकार आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. शब्द तेच, चाल तीच, लयही जवळपास तीच. बदलतो तो फक्त नाद. पाश्चात्त्य रॉकमध्ये ज्याला ‘कव्हर’ म्हणतात त्यातली बरीचशी गाणी या प्रकारात मोडतात. मग प्रश्न असा की शब्द आणि चाल दोन्ही शाबूत असताना गाण्याचा अर्थ बदलू शकतो का? बदलत असेल तर कशामुळे? उत्तर शोधायला मी एकच जोडी घेतो: जेथ्रो टल या ब्रिटिश बँडचे १९७१चे ‘क्रॉस-आइड मेरी’ आणि आयर्न मेडनने १९८३मध्ये केलेले त्याचे हेवी मेटल रूप. या जोडीतल्या दोन्ही बाजू एकाच वर्षी, २००८मध्ये, मुंबईत येऊन वाजल्या. त्याकडे मी शेवटी येईन.

जेथ्रो टल १९६७च्या सुमारास उभा राहिला. बँडने नाव घेतले ते पेरणीयंत्र बनवणाऱ्या अठराव्या शतकातल्या एका इंग्रज कृषितज्ज्ञाचे. सर्वेसर्वा होता इयन अँडरसन: गायक, गीतकार आणि बासरीवादक. रॉकच्या मंचावर गिटारऐवजी बासरी पुढे आणणारा हा माणूस सुरुवातीला गिटारच वाजवत असे. आपल्याभोवती आपल्याहून फार मोठे गिटारवादक आहेत हे ओळखून त्याने ती सोडली आणि बासरी हातात घेतली. शिक्षक कोणी नव्हता. अमेरिकन जाझ वादक रोलंड कर्क याच्या वादनातून त्याने एक युक्ती उचलली: बासरीत फुंकताना त्याच वेळी घशातून गायचे. या युक्तीचे महत्त्व पुढे कळेल.

‘अ‍ॅक्वालंग’ हा त्यांचा अल्बम मार्च १९७१मध्ये आला. पहिले गाणे ‘अ‍ॅक्वालंग’ एका बेघर म्हाताऱ्यावर आहे. अँडरसनची तेव्हाची पत्नी जेनी फ्रँक्स हिने लंडनमधल्या बेघर माणसांची छायाचित्रे काढली होती. त्यांतून ते सुचले आणि त्याच्या शब्दांत तिचाही वाटा आहे. दुसरे गाणे आपली मेरी. शाळेच्या वयाची, गरीब वस्तीतली ही मुलगी. पैसेवाले वयस्क पुरुष तिला विकत घेतात आणि ती मात्र गरिबाकडे दयेने पाहते, इतकी की गीतकार तिला हायगेटसारख्या लंडनच्या सधन भागातला रॉबिन हूड ठरवतो. गाण्याचा रोख मुलीवर नाही. सभ्य म्हणवणाऱ्या गिऱ्हाइकांवर आणि त्यांना सांभाळून घेणाऱ्या समाजावर आहे. मागच्या गाण्यातला म्हाताराही इथे येतो, शाळेच्या कुंपणाच्या गजांपलीकडे उभा राहून पाहणारा. हा धागा लक्षात ठेवावा.

या गाण्याला प्रोग्रेसिव्ह का म्हणायचे, अशी शंका जाणकार घेतील आणि ती रास्त आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकची ठळक लक्षणे म्हणजे विषम मात्रांचे ताल, वीस-वीस मिनिटांच्या रचना, वाद्यवृंदाचा थाट. त्यांतले इथे फारसे काही नाही. गाणे चार मिनिटांच्या थोडे वर जाते आणि ताल सरळ चालीचा आहे. माझ्या मते त्याचे प्रोग्रेसिव्हपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे नादांचा विस्तार: बासरी, पियानो, मेलोट्रॉन आणि कर्कश विद्युत गिटार एकाच गाण्यात एकमेकांना जागा देत नांदतात. दुसरी गोष्ट म्हणजे एका गाण्यातले पात्र दुसऱ्या गाण्यात डोकावणे, म्हणजे अल्बमकडे सलग वाचायच्या पुस्तकासारखे पाहणे. ‘अ‍ॅक्वालंग’ ही एकसंध कथा नाही असे अँडरसन सतत सांगत आला आहे. ते मान्य करूनही हा शेजारधर्म नाकारता येत नाही.

सुरुवातीचा भाग जवळून ऐकावा. मेलोट्रॉनचे व्हायोलिनसारखे सूर खालून उमटतात. हे वाद्य प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा तुकडा ठेवून चालते, म्हणून त्याचा सूर किंचित थरथरता, जुनाट वाटतो. त्यावर पियानोचे थेंब, आणि मग बासरी. ती नितळ नाही. हरिप्रसाद चौरसियांच्या बांबूच्या बासरीत फुंकेचा खर सुराला मऊ करतो. अँडरसनच्या धातूच्या आडव्या बासरीत तोच खर सुराशी भांडतो. सूर फुटतो, मध्येच घशातला आवाज मिसळतो, श्वास घेतल्याचेही ऐकू येते. काहीतरी दबा धरून बसले आहे असा ताण हळूहळू चढतो आणि मग मार्टिन बारच्या गिटारीवर मुख्य रिफ कोसळते. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे छोटे, ठाशीव स्वरवाक्य. या प्रवेशाचा परिणाम पूर्णपणे आधीच्या मंदपणावर उभा आहे. आधी खोल गेलो नसतो तर नंतरचा आघात इतका बसला नसता.

आता बारा वर्षे पुढे. आयर्न मेडन हा पूर्व लंडनचा बँड १९८३च्या सुरुवातीला बहामाजमधल्या नॅसो इथे, कम्पास पॉइंट स्टुडिओत, ‘पीस ऑफ माइंड’ हा अल्बम निर्माता मार्टिन बर्चबरोबर मुद्रित करत होता. बासवादक आणि मुख्य रचनाकार स्टीव्ह हॅरिस हा जेथ्रो टल, जेनेसिस, येस अशा बँडवर वाढलेला. त्या काळी एकेरी तबकडीच्या मागच्या बाजूसाठी एखादे जास्तीचे गाणे लागे. तिथे मेडनने आपल्या आवडीची जुनी गाणी वाजवायला सुरुवात केली. जून १९८३मध्ये ‘द ट्रूपर’ची तबकडी आली आणि तिच्या मागे ‘क्रॉस-आइड मेरी’ होते. पुढच्याच वर्षी ‘एसेस हाय’च्या मागे नेक्टर या प्रोग्रेसिव्ह बँडचे ‘किंग ऑफ ट्वायलाइट’ आले. म्हणजे मेरी हा अपघात नव्हता. मागची बाजू ही त्यांनी गुरुदक्षिणेसाठी राखून ठेवलेली जागा होती.

मेडनने शब्द ठेवले, रिफ ठेवली, बांधणीही ठेवली. बासरी, पियानो आणि मेलोट्रॉन काढून टाकले. त्यांच्या जागी डेव्ह मरी आणि एड्रियन स्मिथ यांच्या दोन गिटारी आल्या. वरवर ही वाद्यांची अदलाबदल वाटते. प्रत्यक्षात तिने गाण्याचे ध्वनिशास्त्रच बदलले.

मेटलची गिटार ज्या नादाने ओळखतो तो डिस्टॉर्शनचा आहे. अँप्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे रेटले की तरंगाची वरची आणि खालची टोके छाटली जातात. छाटलेल्या तरंगात मूळ स्वराबरोबर पुष्कळ उपस्वर जन्मतात, म्हणून नाद जाड आणि धारदार होतो. दुसरा परिणाम कमी सांगितला जातो पण तो जास्त महत्त्वाचा आहे. टोके छाटल्यामुळे हळू वाजवलेला आणि जोरात वाजवलेला स्वर यांतले अंतर कमी होते. तार हलकेच छेडली तरी नाद भरूनच येतो आणि बराच वेळ टिकतो. गाण्यातला मंदपणा, पोकळी, श्वास घ्यायला ठेवलेली जागा हे सगळे या नादाने आपोआप भरून निघते. मेरीच्या सुरुवातीचा ताण जिच्यावर उभा होता, नेमकी तीच जागा.

दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की आणखी एक गोष्ट घडते. त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीइतका एक नवा स्वर तयार होतो. षड्ज ११० हर्ट्झ आणि पंचम १६५ हर्ट्झ धरला, तर वजाबाकी ५५ येते, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. सा आणि प मिळून स्वतःखाली आणखी एक सा उभा करतात. मेटलमध्ये सतत वाजणारा ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे एवढेच: सा आणि प, गंधार नाही. गंधार का नाही, याचे उत्तर सुरावटीत आहे. आजच्या गिटारीच्या पडद्यांवर पंचम शुद्ध मापापासून जेमतेम दोन सेंट ढळलेला असतो. सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग. शुद्ध गंधार मात्र सुमारे १४ सेंट चढलेला असतो. स्वच्छ नादात ही चूक कानाआड होते. डिस्टॉर्शनमध्ये त्या चुकीतून निघालेले नवे स्वर कशाशीच जुळत नाहीत आणि सगळा गढूळपणा होतो. तानपुऱ्याच्या सा-प जुळणीवर वाढलेल्या कानाला मेटलचा हा पाया परका वाटू नये. दोन्हीकडे पंचमाच्या शुद्धतेवरच इमारत उभी आहे.

पण गंधार गेला की गाण्याचा रंग जातो, कारण हसू की रडू हे पाश्चात्त्य संगीतात बहुतांशी गंधारच ठरवतो. मेडनने यावर काढलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. एका गिटारीवर एक स्वर, दुसरीवर त्याच्यापासूनचा तिसरा स्वर. दोन्ही वेगळ्या अँप्लिफायरमधून. एकाच यंत्रात न मिसळल्यामुळे वजाबाकीचे ते नको असलेले स्वर जन्मतच नाहीत. मेटलने एका हाताने गमावलेला गंधार दोन माणसांत वाटून परत मिळवता येतो. ही जुगलबंदी मेडनच्या आधी विशबोन अ‍ॅश आणि थिन लिझी यांनी केली होती, पण मेडनने तिला आपली ओळख बनवले. बासरीच्या जागी गिटारी आल्यावर मेरीचे गाणे कोरडे पडत नाही त्याचे श्रेय या जोडवादनाच्या संस्काराला जाते.

अँडरसन बासरीत फुंकताना गातो, म्हणजे एकाच नळीत दोन कंपने कोंबतो, असे वर म्हटले. तिथेही वजाबाकीचे खडबडीत स्वर निर्माण होतात. त्याची बासरी विजेशिवाय आपल्या परीने डिस्टॉर्शनच करत होती! म्हणून बासरी काढून कर्कश गिटार आणणे ही वाटते तितकी मोठी उडी नाही. खरखरीतपणा मुळातच होता, मेडनने तो सर्वत्र पसरवला. हरवला तो श्वास. बासरीवादकाला थांबावेच लागते, आणि त्या थांबण्यात एक माणूस दिसतो. गिटारवादकाला थांबायची गरज नाही, आणि मेडनचे वादक थांबतही नाहीत.

सर्वांत मोठा बदल गळ्यात आहे. अँडरसन हे गाणे खालच्या पट्टीत, नाकातून, काहीसे गुरगुरत म्हणतो. तो गातो त्यापेक्षा सांगतो जास्त. गल्लीतल्या कोपऱ्यावर उभा राहून सगळ्यांची बिंगे ठाऊक असलेला माणूस बोलावा तसा. शब्दागणिक स्वर मुरडतो, एखादा शब्द थुंकतो, पुढचा कुरवाळतो. त्यामुळे मेरीविषयीची कणव आणि गिऱ्हाइकांविषयीची चीड एकाच ओळीत वेगवेगळी कळते. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन तेच शब्द वरच्या सप्तकात नेतो. चाहत्यांनी त्याला ‘हवाई हल्ल्याचा भोंगा’ म्हटले ते उगाच नाही. तारसप्तकात इतक्या ताकदीने ठामपणे सूर लावणारे गळे रॉकमध्ये फार थोडे. परंतु तार सप्तकात शब्दाला मुरड घालायला वाव कमी राहतो. व्यंजने बोथट होतात, स्वर लांबतात, आणि प्रत्येक ओळ सारख्याच निकडीने येते. मंद्र-मध्यात बोलणारा माणूस गुपित सांगतो, तारात गाणारा माणूस घोषणा करतो. हे आपल्याकडच्या ख्यालगायकाला सांगावे लागत नाही. मेरीची गोष्ट कुजबुजीची आहे. डिकिन्सनच्या गळ्यात ती चौकात येते आणि तिथे कणव ऐकू येईनाशी होते, चीड तेवढी उरते.

जागा बदलण्याचा परिणामही कमी नाही. टलच्या अल्बमवर मेरीच्या आधी तिच्याकडे पाहणारा म्हातारा आहे आणि नंतर लगेच ‘चीप डे रिटर्न’. जेमतेम दीड मिनिटाचे, साध्या गिटारीवरचे हे गाणे अँडरसनने इस्पितळातल्या वडिलांना भेटायला केलेल्या रेल्वेप्रवासावर लिहिले. सकाळच्या लोकलने मुंबईचे इस्पितळ गाठून रात्री परतणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी माणसांना ते दीड मिनिट समजावून सांगावे लागणार नाही. या दोघांच्या मध्ये मेरी उभी असते, म्हणून ती एका दुखऱ्या समाजाचा भाग वाटते. मेडनच्या तबकडीवर तिच्या पुढच्या बाजूला क्रिमियन युद्धातला घोडेस्वार आहे. म्हाताऱ्याचा उल्लेख शब्दांत राहिला, पण तो कोण हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. अर्थात मेडनच्या घरातही मेरीला नातलग होती. ‘शार्लट द हार्लट’ (१९८०) आणि ‘ट्वेंटी-टू अकेशिया अ‍ॅव्हेन्यू’ (१९८२) या त्यांच्या गाण्यांतली शार्लट लंडनमध्ये देहविक्रय करणारी. हेच गाणे निवडावेसे वाटण्यात त्या ओळखीचा भाग असावा असे मला वाटते.

तर माझा निष्कर्ष असा आहे: मेडनचे रूप वादन म्हणून अव्वल आहे, मूळ गाण्याचे वाचन म्हणून अपुरे आहे. मात्र यावरून मेडनला प्रोग्रेसिव्ह रॉक कळला नाही असे म्हणणे चूक ठरेल. तो कुठे मुरला हे पाहायला त्यांच्या कव्हरकडे पाहून उपयोग नाही, त्यांच्या स्वतःच्या रचनांकडे पाहावे लागते. मेरीनंतर पुढच्याच वर्षी, १९८४च्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमवर, हॅरिसने इंग्रज कवी कोलरिजच्या दर्यावर्दी म्हाताऱ्याच्या काव्यावर साडेतेरा मिनिटांहून मोठे ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ रचले. त्याच्या मध्यावर सगळा गोंगाट थांबतो. बास गिटारीचे एकाकी स्वर, जहाजाच्या लाकडाची करकर आणि काव्यातल्या ओळींचे पठण एवढेच उरते. मग ताण हळूहळू चढतो आणि गिटारी परत येतात. मेरीच्या सुरुवातीतून मेडनने जी पोकळी काढून टाकली होती ती इथे, स्वतःच्या गाण्यात, अनेक पटींनी मोठी करून बांधली आहे. मला तरी हीच त्यांची खरी गुरुदक्षिणा वाटते.

प्रोग्रेसिव्ह आणि मेटल यांच्या सीमेवरून फेब्रुवारी १९८९मध्ये मोठा वाद झाला होता. हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच दिलेला ग्रॅमी पुरस्कार मेटालिका या मेटल बँडला डावलून जेथ्रो टलला मिळाला आणि मेटलचे चाहते खवळले. त्यांचा राग योग्य होता. टलचे संगीत कधीकधी जड होते, पण जडपणा हा त्यांच्या अनेक नादांपैकी एक. मेटलमध्ये तो पाया असतो. मेरीची दोन रूपे एकापाठोपाठ ऐकली की हा फरक कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर समजतो.

आपल्याकडे ही जोडी एकत्र ऐकणे बराच काळ सोपे नव्हते. एकेरी तबकड्यांच्या मागच्या बाजू सामान्य श्रोत्याच्या हाती येण्याची सोय नव्हती. १९९५मध्ये ‘पीस ऑफ माइंड’ जोडतबकडीसह पुन्हा निघाला तेव्हा मेरीही त्या संचात आली. मुंबईतल्या बँडनी मात्र दोन्ही बाजू आत्मसात केल्या होत्या. धोबी तलावच्या रंगभवनातल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवात कितीतरी मुले इतरांची गाणी वाजवतच शिकली. कव्हर ही त्यांची तालीम होती. त्यांना नुसते नकलाकार म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्याकडे बंदिश गुरूची असते म्हणून गायकाला कोणी नकलाकार म्हणत नाही.

मग आले २००८. आयर्न मेडनने आपला जगाचा दौरा १ फेब्रुवारीला मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. बदलापूर-अंबरनाथकडून जाणाऱ्या श्रोत्याला कुर्ल्याला उतरून गाठता येण्यासारखी जागा. त्या रात्री ‘द ट्रूपर’ वाजले आणि ‘राइम’देखील संपूर्ण वाजले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला जेथ्रो टल आणि सतारवादक अनुष्का शंकर यांचा मुंबईतला कार्यक्रम ठरला होता. २६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यामुळे तो रद्द झाला. अँडरसन आणि अनुष्का यांनी तो सोडून दिला नाही. ‘अ बिलियन हँड्स’ या नावाने, हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी, त्यांनी तो ५ डिसेंबरला मुंबईतच केला. पुढे डिसेंबर २०११मध्ये डिकिन्सन स्वतः कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये अँडरसनबरोबर एका मंचावर गायला.

आज ही दोन्ही ध्वनिमुद्रणे फोनवर एका क्षणात मिळतात, पण त्यांचा क्रम बिघडलेला असतो. म्हणून वाचकांना एक विनंती. नुसती दोन गाणी शेजारी ठेवून कोण सरस असा निवाडा करू नका. आधी ‘अ‍ॅक्वालंग’ची पहिली बाजू ‘अप टू मी’पर्यंत सलग ऐका, मग मेडनची मेरी, आणि त्यानंतर त्याच बैठकीत ‘राइम’ शेवटापर्यंत. सगळे मिळून जेमतेम पाऊण तास लागेल, म्हणजे बदलापूरहून निघालेली गाडी दादरला पोहोचायच्या आत.